गाडी कोण चालवणार?

सासू-सासरे पुण्याहून पहिल्यांदाच आमच्याकडे आले होते. सिडनीतल्या स्कोफिल्ड्सला आमच्या गल्लीत सगळी नवी घरं. दोन दिवस फेरफटका मारून झाल्यावर बाबा म्हणाले, "अगं, इथे जुनं काही आहे की नाही?" मग रविवारी हंटर व्हॅलीत पोकोल्बिनला जायचं ठरलं. घरापासून साधारण दीडशे किलोमीटर, दोन तासांचा रस्ता.

तिथे टिरेल्स ही वायनरी आहे. १८५८ साली, म्हणजे आपल्याकडे सत्तावनच्या उठावाची धग पुरती निवली नव्हती तेव्हा, एडवर्ड टिरेल यांनी इथे जमीन घेतली. आज त्यांची पाचवी पिढी तिथे काम करते. आयर्नबार्क लाकडाच्या फळ्यांची त्यांची पहिली झोपडी अजून उभी आहे. त्या फळ्यांवर हात फिरवत बाबा बराच वेळ थांबले. जुन्या तळघरात पायाखाली मातीचीच जमीन आणि दोन्ही बाजूंना भलीमोठी लाकडी पिंपं. आईंना त्यांच्या माहेरचं बळद आठवलं. टिरेल्सच्याही आधी, जेम्स बस्बी यांनी १८३२ मध्ये फ्रान्स आणि स्पेनमधून द्राक्षवेलींच्या काड्या सिडनीला आणल्या, त्यांतल्या बऱ्याचशा दक्षिण फ्रान्सातल्या माँपेलिएच्या बागेतल्या. आपली नाशिकची सुला वायनरी १९९९ची. ती बघितलेल्या बाबांना हे सगळं फार भावलं.

इथपर्यंत दिवस सुरेख गेला. चूक आमची झाली ती पुढे.

हंटरची खासियत म्हणजे सेमिलॉन. द्राक्षं लवकर काढतात, त्यामुळे त्यात अल्कोहोल दहा-अकरा टक्केच असतं आणि ताजी असताना चव लिंबासारखी लागते. सरबत प्यायल्यासारखी ती सहज उतरते. नवऱ्याने तिथे सहा प्रकार चाखले, नंतर दुसऱ्या एका वायनरीत आणखी सहा. "घोट घोट तर घेतोय," असं तो म्हणत होता आणि मलाही ते पटलं. मी स्वतः दोन घोट घेतले.

हिशोब पार्किंगमध्ये उभं राहून केला. एका वेळी तीस मिलिलिटर धरले तरी बारा वेळा म्हणजे ३६० मिलिलिटर, जवळजवळ अर्धी बाटली. इथल्या मोजमापात एक 'स्टँडर्ड ड्रिंक' म्हणजे दहा ग्रॅम अल्कोहोल. नवऱ्याच्या पोटात अशी साधारण तीन गेली होती. रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा पूर्ण लायसन्सवाल्याला ०.०५ आणि माझ्या लाल पी-प्लेटला, म्हणजे नवख्या चालकाला, शून्य. शून्य म्हणजे शून्य, दोन घोटही नाहीत. न्यू साउथ वेल्समध्ये पोलीस कुठेही गाडी थांबवून फुंकायला लावतात, आणि पहिल्यांदाच सापडलात तरी तीन महिने लायसन्स जातं. पण मला भीती पोलिसांची नव्हती. मागच्या सीटवर सत्तरीतले आई-बाबा होते.

शरीर तासाला साधारण एकच स्टँडर्ड ड्रिंक जिरवतं. कॉफीने, चालण्याने, तोंडावर पाणी मारण्याने ते लवकर उतरत नाही. रविवारची संध्याकाळ, टॅक्सी मिळेना. आणि बाबांचं रात्रीचं इन्सुलिन घरी फ्रिजमध्ये! ते आठवलं तेव्हा माझे हात गार पडले. शेवटी आमच्या घराजवळच्या द पॉन्ड्समधले दोन मित्र आमच्या शेजाऱ्यांकडून किल्ली घेऊन, इन्सुलिन बर्फाच्या पिशवीत घालून दोन तास गाडी चालवत आले. एकाने आमची गाडी परत आणली. सबंध रस्ताभर बाबा एक शब्द बोलले नाहीत.

म्हणून सांगते. घरून निघण्यापूर्वी चालक ठरवा आणि त्याने चाखायचंही नाही. असा कोणी नसेल तर पोकोल्बिनमध्येच रात्रीचा मुक्काम करा किंवा चालकासकट टूर घ्या. दिवसाला एकच वायनरी पुरे, आधी बुकिंग करून आणि पोटभर जेवून. टेबलावर थुंकायचं भांडं असतं. वाढलेलं थुंकणं आपल्याला अन्नाचा अपमान वाटतो, पण तिथे वाइन करणारेही तसंच करतात, बिनदिक्कत करा. घरात कडक शाकाहारी असतील तर वाइन नितळ करायला अंड्यातला पांढरा भाग किंवा माशापासून काढलेला पदार्थ वापरला आहे का, ते विचारा, नीट सांगतात. घेतलेल्या बाटल्या जानेवारीच्या उन्हात डिकीत ठेवू नका. अंधार पडायच्या आत निघा, तिन्हीसांजेला कांगारू रस्त्यावर येतात. आणि वडीलधाऱ्यांची औषधं, निघताना कितीही लवकर परतायचं ठरलेलं असो, बरोबर घ्या.

पुढच्या महिन्यात आम्ही परत गेलो. त्या वेळी मी थेंबही घेतला नाही, जाता-येता गाडी मीच चालवली, आणि बाबांनी त्या झोपडीपाशी पुन्हा अर्धा तास काढला. रिव्हरस्टोन, मार्सडेन पार्क, स्कोफिल्ड्सच्या मंडळींनो, तुमचेही आई-बाबा येतील, त्यांना हे जरूर दाखवा. फक्त चालकाचं नाव पक्कं होईपर्यंत बुकिंगचे पैसे भरू नका.