महाग पडलेली कृपा : रे. डीट्रिख बोनहोफर
(शास्त्रपाठ : लूक 14:25-33)

मुंबईहून वर्ध्यास जाणारी आगगाडी मलकापूर, नांदुरा व शेगाव ह्या आपल्या स्थानकांवरून जाते. सन 1934 मध्ये लंडन येथील जर्मन मंडळ्यांचे एक तरुण लूथरन पाळक ह्याच वाटेने महात्मा गांधींकडे येण्याच्या विचारात होते. ते रे. बोनहोफर होत. हिंसेवाचून अन्यायास कसे तोंड द्यावे व एकत्र साधेपणाने कसे राहावे, हे त्यांस प्रत्यक्ष पाहावयाचे होते. गांधीजींनी नोव्हेंबरात आमंत्रणही पाठविले. आश्रमाचे साधे शाकाहारी अन्न चालत असेल तर राहण्याजेवण्याचा खर्च पडणार नाही, असे त्यांनी कळविले. परंतु येणे घडले नाही. 1935 साली मायदेशी पाळक तयार करण्याचे काम त्यांच्यावर आले.

त्यांचा जन्म 4 फेब्रुवारी 1906 रोजी ब्रेस्लाऊ येथे झाला. एकविसाव्या वर्षी ते बर्लिन विद्यापीठाचे डॉक्टर झाले. 1933 साली हिटलरच्या हाती सत्ता गेली, आणि यहूदी वंशाच्या पाळकांस काढून टाकावे असा नियम तेथील मंडळीतच होऊ लागला. बोनहोफरांनी त्यास उघड विरोध केला. बाप्तिस्मा घेतलेल्यास जन्मावरून दूर बसविणे म्हणजे काय, हे आपल्यातील वडीलधाऱ्यांस समजावून सांगावे लागत नाही.

फिंकेनवाल्डे येथील त्यांची पाठशाळा 1937 साली पोलिसांनी बंद केली. त्याच वर्षी ख्रिस्ताच्या मागे चालण्याविषयीचे त्यांचे पुस्तक निघाले. स्वस्त कृपा ही मंडळीची वैरीण आहे, असे त्यांत त्यांचे म्हणणे आहे. येथे पुष्कळांचा घोटाळा होतो. कर्मांनी तारण मिळते असे ते सांगत नाहीत; ते लूथरचेच शिष्य. कृपा आपणांस फुकटच मिळते, पण देवाला ती पुत्राच्या प्राणाची पडली, म्हणून आपणही तिला स्वस्त मानू नये. इनामात मिळालेल्या शेतातही नांगर धरावाच लागतो, असे आम्ही म्हणू.

1939 च्या जूनमध्ये ते अमेरिकेत सुखरूप पोहोचले होते. महिनाभरातच ते परत फिरले. लोकांच्या संकटात वाटा घेतला नाही, तर पुढे त्यांची मंडळी उभारण्याचा हक्क आपणांस राहणार नाही, असे त्यांस वाटले. पुढे ते हिटलरविरुद्धच्या गुप्त कटात सामील झाले. हिंसा टाळण्याचा मार्ग शोधणाऱ्या पाळकाने असे करावे काय, हा प्रश्न कठीण आहे. त्यांनीही स्वतःस निर्दोष म्हणविले नाही. 5 एप्रिल 1943 रोजी त्यांस अटक झाली आणि 9 एप्रिल 1945 रोजी फ्लोसेनबुर्ग छावणीत फाशी देण्यात आली. वय अवघे 39. दोन आठवड्यांनी अमेरिकन फौज तेथे पोहोचली.

उपदेशक बंधूंनी शास्त्रपाठ वाचून झाल्यावर मंडळीस एवढेच विचारावे : बोनहोफर अमेरिकेतच राहिले असते, तर त्यात चूक काय होती? उत्तर लोकांनाच देऊ द्यावे.