वाटाड्याला नवी अक्कल : जुन्या राउटरचा एक पाठ

मराठी मंडळाच्या अंकात राउटरवर लेख कशाला, असं कुणी विचारेल. उत्तर लेखाच्या शेवटी आहे, कारण हा विषय जितका यंत्राचा, तितकाच शब्दांचा आहे. आधी यंत्र समजून घेऊ.

राउटर म्हणजे काय?

आपण ज्याला 'वायफायचा डबा' म्हणतो तो पुरता संगणक असतो. त्याला प्रोसेसर असतो, थोडी स्मृती असते आणि त्याची स्वतःची कार्यप्रणाली असते. घरातल्या मोबाईल-लॅपटॉपची माहिती छोट्या पाकिटांतून येते-जाते. कोणतं पाकीट कुठल्या दाराने पाठवायचं, हे तो ठरवतो. थोडक्यात, तो वाटाड्या.

माझं घर सुरतला, उधन्यात. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत खानदेशातून लूमवर कामाला आलेली कितीतरी मराठी कुटुंबं आहेत. आमचं त्यातलंच एक. सुरतेत सहसा काही वाया जात नाही. जुन्या जरीच्या साड्या घेऊन त्यातली चांदी काढणारे लोक इथे आहेत. राउटर मात्र माळ्यावर जातो आणि तिथून भंगारात. बहुतेक वेळा तो बिघडलेला नसतोच. कंपनी काही वर्षांनी त्याच्या प्रणालीची दुरुस्ती पाठवणं थांबवते. मग त्यातल्या सुरक्षेच्या फटी कुणी बुजवत नाही आणि धडधाकट यंत्र म्हातारं ठरतं.

हे सुरू कसं झालं?

डिसेंबर 2002 मध्ये लिंक्सिस कंपनीचा 'डब्ल्यूआरटी54जी' हा राउटर बाजारात आला. 2003 मध्ये काही जाणकारांच्या लक्षात आलं की याच्या आत लिनक्स चालतंय. लिनक्सचा परवाना सांगतो: आमचं लिखाण वापरा, बदला, विका; पण ज्याला यंत्र विकाल त्याला बदललेलं लिखाणही मिळालं पाहिजे. त्या परवान्यामुळे कंपनीला त्याच वर्षी मूळ लिखाण खुलं करावं लागलं. त्यावर 2004 च्या जानेवारीत 'ओपनडब्ल्यूआरटी' हा प्रकल्प उभा राहिला. तो आज शेकडो प्रकारच्या राउटरांवर चालतो.

इथे सुरतचीच एक जुनी गोष्ट आठवते. भीमजी पारेख या इथल्या व्यापाऱ्याच्या खटपटीने ईस्ट इंडिया कंपनीने 1674 मध्ये हेन्री हिल्स नावाचा मुद्रक पाठवला. त्याला छपाई येत होती, पण देशी लिपीचे खिळे घडवणं येत नव्हतं. यंत्र आलं, अक्षरं आली नाहीत. आपल्या माळ्यावरच्या डब्याचंही तसंच आहे. यंत्र आपलं, पण आतलं लिखाण हाती नसलं तर त्याच्याकडून आपलं काम होत नाही.

कृती

1. डब्याच्या पाठीवरचं लेबल वाचा. मॉडेलचं नाव पुरेसं नाही, आवृत्ती बघा. टीपी-लिंकच्या 'डब्ल्यूआर841एन'ची 13 वी आवृत्ती 8 एमबी साठवण आणि 64 एमबी रॅमची आहे. 14 वी नवी असूनही 4 आणि 32 चीच! आजच्या ओपनडब्ल्यूआरटीला 4/32 पुरत नाही.

2. राउटर इंटरनेट कंपनीने भाड्याने दिलेला असेल तर हात लावू नका. तो तुमचा नाही.

3. ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीत तुमचं मॉडेल आणि आवृत्ती शोधा. मीडियाटेक किंवा क्वालकॉम अथेरॉसची चिप असेल तर बहुधा जमतं. ब्रॉडकॉमच्या वायफायला खुले ड्रायव्हर पुरेसे नसल्याने तिथे अडतं.

4. पहिल्यांदा बसवताना 'फॅक्टरी' फाइल लागते. 'सिसअपग्रेड' ही पुढच्या अद्ययावतीसाठी. उतरवलेली फाइल बरोबर आहे ना, ते तिच्या पडताळणी-अंकावरून तपासा.

5. फाइल चढवताना वायफाय नको, लॅनची वायर लावा. वीज जाण्याची भीती असेल तर इन्व्हर्टरवर ठेवा. अर्ध्यात वीज गेली तर डब्याची 'वीट' होते. बऱ्याच मॉडेलांत तिला पुन्हा जिवंत करण्याची सोय असते, पण ती आधी वाचून ठेवावी.

6. नंतर ब्राउझरमध्ये 192.168.1.1 उघडा. सुरुवातीला पासवर्ड नसतो, तो लगेच ठेवा. वायफाय बहुधा बंद असतं. देश 'भारत' निवडून मगच ते चालू करा, कारण लहरींची ताकद किती असावी याचे नियम देशागणिक वेगळे असतात.

मग त्याचं करायचं काय?

जुन्या डब्याला यूएसबीचं भोक असेल तर तो छोटं ग्रंथालय होऊ शकतो. 2012 मध्ये जेसन ग्रिफी या अमेरिकी ग्रंथपालाने 'लायब्ररीबॉक्स' केला तो असाच, टीपी-लिंकच्या तळहाताएवढ्या राउटरवर. त्याला इंटरनेट लागत नाही. पेनड्राइव्हवर पुस्तकं, डब्यात छोटा वेब सर्व्हर. जवळ आलेल्या कुणीही मोबाईलवर उघडून वाचावं.

आमच्या इमारतीत तळमजल्याच्या खोलीत मुलं संध्याकाळी अभ्यासाला बसतात. त्यातली काही महापालिकेच्या मराठी शाळेत जातात. पाठ्यपुस्तकापलीकडे मराठी पुस्तक त्यांच्या हाती क्वचितच पडतं, आणि आईच्या मोबाईलचा डेटा रात्रीपर्यंत संपलेला असतो. तिथे शेजाऱ्यांनी टाकायला काढलेला एक राउटर मी असाच लावला आहे. पुस्तकं निवडताना कायदा पाळला. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी लेखन सर्वांचं होतं. साने गुरुजी 1950 मध्ये गेले, म्हणून 2011 पासून त्यांची पुस्तकं मुक्त आहेत. बहिणाबाई 1951 मध्ये गेल्या, पण कविता छापल्या 1952 मध्ये. मरणोत्तर पुस्तकाची 60 वर्षं प्रकाशनापासून मोजतात, म्हणून त्या 2013 पासून मुक्त. मराठी विकिस्रोतावर अशी बरीच पुस्तकं मिळतात. बहिणाबाई वाचताना या मुलांना अर्थ सांगावा लागत नाही, ती घरचीच बोली आहे. उलट तीच मला एखादा शब्द समजावून सांगतात.

आता शब्दांकडे

ओपनडब्ल्यूआरटीच्या पडद्यावर भाषा निवडता येते, आणि त्यात मराठीही आहे. मात्र काही वाक्यं मराठीत, काही अजून इंग्रजीतच. ही भाषांतरं कुणी पगारी माणूस करत नाही. 'वेबलेट' नावाच्या संकेतस्थळावर कुणीही स्वयंसेवक करू शकतो. तिथे तंत्रज्ञापेक्षा भाषा जाणणाऱ्याची गरज जास्त आहे.

एक उदाहरण घ्या. राउटर प्रत्येक मोबाईलला ठरावीक मुदतीसाठी पत्ता देतो. ओपनडब्ल्यूआरटीत ही मुदत मुळात 12 तासांची असते. इंग्रजीत त्याला 'लीज' म्हणतात. कोश उघडून 'भाडेपट्टा' लिहिलं की वाचणारा गोंधळतो, कारण इथे भाडं नाहीच. 'पत्त्याची मुदत' म्हटलं की लूमवरचा माणूसही समजतो. दुसरीकडे 'राउटर'ला 'मार्गनिर्देशक' करायची गरज नाही. तो शब्द घराघरात रुळला आहे. समजावताना 'वाटाड्या' म्हणावं, पडद्यावर 'राउटर'च ठेवावं. कुठे रुळलेला शब्द राखायचा आणि कुठे आपला आणायचा, हे ठरवायला वाङ्मयाची समज लागते. सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर हेच.

सरावासाठी

1. घरातल्या जुन्या राउटरचं मॉडेल आणि आवृत्ती लिहा. त्याची साठवण व रॅम किती, ते शोधा.

2. 1964 किंवा त्याआधी निधन झालेल्या तीन मराठी लेखकांची नावं काढा. त्यांची कोणती पुस्तकं मुलांना वाचायला द्याल?

3. 'फायरवॉल', 'ब्रिज', 'गेटवे' यांपैकी कोणता शब्द तसाच ठेवाल आणि कोणता बदलाल? कारण द्या. उत्तरं मंडळाच्या बैठकीत आणा; चांगले शब्द आपण मिळून वेबलेटवर पाठवू.