फेफरे मेंदूत कसे पसरते?

एखाद्याला फेफरे आले की कांदा किंवा चप्पल हुंगवणे, अंगारा लावणे हे प्रकार आपल्या परळी भागात आजही चालतात. म्हणून या आजारामागील कार्यकारणभाव प्रत्येकाने समजून घेणे अगत्याचे आहे.

मानवी मेंदूत सुमारे ८६०० कोटी चेतापेशी असतात. त्या सूक्ष्म विद्युत स्पंदांनी एकमेकींना संदेश देतात. काही पेशी शेजारच्या पेशींना चेतवतात, तर काही त्यांना आवरतात. हा तोल सुटून असंख्य पेशी एकदम स्पंद देऊ लागल्या म्हणजे झटका येतो.

हॉजकिन व हक्सले या शास्त्रज्ञांनी १९५२ साली चेतातंतूतील स्पंद गणिती समीकरणांत मांडला. त्यांना १९६३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. अशीच समीकरणे वापरून आज संगणकात हजारो कृत्रिम पेशींचे जाळे उभारता येते. यालाच प्रतिरूप म्हणतात.

उसाच्या फडातील पाचटाचे उदाहरण घ्या. ठिणगी पडली तरी भोवती ओल असेल तर आग तेथेच विझते. मेंदूत ही ओल म्हणजे आवरणाऱ्या पेशी. प्रतिरूपात त्यांचा जोर हळूहळू कमी केला तर काही काळ विशेष घडत नाही. मात्र ठराविक मर्यादा ओलांडताच झटक्याची लाट पसरू लागते. साधा स्पंद सेकंदाला कित्येक मीटर धावू शकतो, पण या लाटेची कड सेकंदाला जेमतेम एक मिलिमीटर सरकते. कारण तिला प्रत्येक टप्प्यावर आधी तेथील आवर मोडावा लागतो.

फ्रान्समधील मार्सेय येथील विक्टर जिर्सा व सहकाऱ्यांनी २०१४ साली 'एपिलेप्टर' हे प्रतिरूप मांडले. रुग्णाच्या मेंदूची छायाचित्रे त्याला जोडून झटका कोठे उगम पावतो व शस्त्रक्रिया कोठे करावी, याचा अंदाज घेण्याचे प्रयत्न सुरू आहेत. अर्थात, अंतिम निर्णय डॉक्टरांचाच असतो.

यावरून बोध काय घ्यावा? फेफरे ही बाधा नव्हे व ते स्पर्शाने पसरत नाही. योग्य औषधांनी सुमारे ७० टक्के रुग्णांचे झटके थांबू शकतात. गोळ्या मनाने बंद करू नयेत. झटका आल्यास रुग्णाला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये; पाच मिनिटांत झटका न थांबल्यास त्वरित दवाखान्यात न्यावे. अंबाजोगाईचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आपल्याला जवळच आहे.

पूर्वी हिंदू विवाह कायद्यात फेफरे हा विवाहास अडसर होता. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे. १९९९ च्या दुरुस्तीने ती अट रद्द झाली. कायद्याने जे सोडले, ते आपणही मनातून सोडले पाहिजे. मुलीचा आजार लपवून तिचे औषध तोडण्यापेक्षा तिला उपचार व शिक्षण देणे, हेच खरे कर्तव्य होय.