धरणाचा धोक्याचा वर्ग म्हणजे काय?



पाटाला पाणी सुटले की आपली पाळी केव्हा, एवढेच आपण विचारतो. धरणाचे वय किती झाले हे सहसा कोणी विचारीत नाही. १० ऑगस्ट २०२४ च्या रात्री होसपेटजवळच्या तुंगभद्रा धरणाने तो प्रश्न पुढे आणला. १९५३ साली पुरे झालेल्या या धरणाला ३३ दरवाजे आहेत. त्यांतील १९ व्या दरवाजाची साखळी तुटली व दरवाजा वाहून गेला. धरण जवळजवळ भरलेले होते. भार कमी करण्यासाठी इतर दरवाजेही उघडावे लागले आणि पिकांसाठी साठलेले पुष्कळ पाणी नदीतून निघून गेले. आठवडाभराने लोखंडाचे आडवे तुकडे एकावर एक उतरवून ती वाट बंद करण्यात आली.

अशा बातमीनंतर ‘आपले धरण मोठ्या धोक्याच्या वर्गात आहे’ असे कोणी सांगितले की गावात घबराट होते. धरणाला दोन निरनिराळ्या कसोट्या लावतात. एक प्रकृतीची: भिंत, दरवाजे, सांडवा यांत काय दोष आहेत. दुसरी धोक्याची: धरण फुटलेच तर खाली किती माणसे व काय काय बुडेल. या दुसऱ्या कसोटीत भिंत मजबूत की कमकुवत हे पाहतच नाहीत. मारका बैल दूर रानात बांधला तर फारसे बिघडत नाही. गरीब बैल शाळेच्या अंगणात बांधला तर दावे रोज तपासावे लागते. मोठ्या धोक्याचा वर्ग म्हणजे शाळेच्या अंगणातला बैल.

म्हणून हा वर्ग धरणाला हात न लावताही वाढतो. पूर्वी धरणाखाली नुसती शेते होती, आता नदीकाठी घरे, गोठे, दुकाने उभी राहतात. हे काम आपणच करतो, हे मान्य केले पाहिजे. नुसत्या वयावरही जाऊ नये. गुजरातेतील मच्छू-२ धरण १९७२ साली पुरे झाले आणि ११ ऑगस्ट १९७९ रोजी त्याच्या मातीच्या बांधावरून पाणी जाऊन ते फुटले. खाली मोरबी शहर होते.

२०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याप्रमाणे १५ मीटरहून उंच धरणांची, तसेच १० ते १५ मीटरमधील काही धरणांची, पावसाळ्यापूर्वी व नंतर दरवर्षी तपासणी करावी लागते आणि आणीबाणीची योजना तयार ठेवावी लागते. आपले गाव त्या योजनेत आहे का, सूचना कोण व कशी देणार, हे ग्रामसभेत विचारावे.

गावतळ्याचे लहान बांध मात्र या कायद्याबाहेर राहतात. तेथे आपलेच डोळे. पायथ्याशी स्वच्छ पाझर असेल तर तो वाढतो का एवढे पाहावे. गढूळ झाला तर आतील माती वाहून चालली असे समजून त्याच दिवशी कळवावे. बांधावर झाडे वाढू देऊ नयेत, कारण मुळे कुजली की पाण्याला वाट मिळते. घुशीची, साळिंदराची बिळे दाखवून द्यावीत. आणि जास्त पाणी साठावे म्हणून काही ठिकाणी सांडव्यावर मातीची पोती रचतात, ती तर मुळीच ठेवू नयेत: पुराचे पाणी सांडव्यातून गेले नाही तर बांधावरूनच जाते.