बेसलाइन वजा करण्याआधी

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी कोकण किनाऱ्यावरचा एक शिंपला मी रामन स्पेक्ट्रोमीटरखाली ठेवला. ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेसर पडताच पडद्यावर डोंगरच उभा राहिला. शिंपल्यातल्या सेंद्रिय द्रव्यांचा तो फ्लुरोसन्स. त्याच्या उतारावर खरी पीक जेमतेम दिसत होती.

मुदत जवळ आली होती. तो डोंगर, म्हणजे पीकखालची बेसलाइन, काढण्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये नवव्या घाताचा पॉलिनॉमियल निवडून मी ती वजा केली आणि त्याच फाइलवर सेव्ह केलं. आलेख देखणा झाला. १०८५, ७०५ आणि २०६ प्रति सेंटीमीटरला ॲरागोनाइटची पीक होती. शिवाय २८० जवळ एक बुटका उंचवटा. कॅल्साइटचं पीक तिथेच येतं. 'शिंपल्यात कॅल्साइटही आहे,' असं मी अहवालात लिहून टाकलं.

माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "मूळ आलेखावर तुझी बेसलाइन काढून दाखव." मूळ आलेख उरलाच नव्हता. पुन्हा मोजणी केली, दोन्ही रेषा एकावर एक ठेवल्या, तेव्हा दिसलं की पॉलिनॉमियल टोकाशी हेलकावे खात होता. २८० जवळ तो खाली गेला, म्हणून वजाबाकीत तिथे उंचवटा उरला. कॅल्साइटचं पीक अरुंद असतं. माझा उंचवटा चांगला पसरट होता. ७८५ नॅनोमीटरचा लेसर वापरल्यावर डोंगर ओसरला, ॲरागोनाइटची पीक जागच्या जागी राहिली आणि 'कॅल्साइट' नाहीसं झालं.

म्हणून सांगते, कच्ची फाइल कधीही बदलू नका; प्रक्रिया तिच्या प्रतीवर करा. वैश्विक किरणांमुळे एखाद्या बिंदूवर उसळलेली टोकं आधी काढा. पॉलिनॉमियलचा घात काम भागेल इतका कमीत कमी घ्या. असिमेट्रिक लीस्ट स्क्वेअर्स वापरत असाल तर लॅम्डा, म्हणजे रेषेचा गुळगुळीतपणा ठरवणारा आकडा, फार लहान ठेवू नका; नाहीतर बेसलाइनची रेषा रुंद पीकमध्ये चढते आणि त्याचं क्षेत्रफळ खाते. मग घात किंवा लॅम्डा थोडा बदलून पाहा. तेवढ्यानं निष्कर्ष बदलत असेल, तर तो नमुन्याचा नाही, सेटिंगचा आहे. तुलना करायच्या सगळ्या नमुन्यांना एकच सेटिंग लावा आणि ते अहवालात लिहा.

बेसलाइन यंत्र मोजत नाही, ती आपण ठरवतो. म्हणून वजाबाकीनंतरच्या आलेखाशेजारी मी आता नेहमी मूळ आलेख छापते, बेसलाइनच्या रेषेसकट. वाचणाऱ्याला माझा निर्णय तपासता आला पाहिजे.