ज्वारीची बिअर : बिघाड नेमका कुठे?

आपल्या सोलापूर जिल्ह्यात ज्वारी म्हणजे हुरडा, भाकरी आणि कडबा. मंगळवेढ्याच्या मालदांडीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. याच धान्याची दक्षिण आफ्रिकेत घरोघरी बिअर करतात, हे मात्र आपल्याकडे थोड्यांनाच ठाऊक असते. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये परवान्यावाचून मद्य तयार करणे गुन्हा आहे. तेव्हा पुढील विवेचन समजून घेण्यापुरतेच. आमच्याकडे आंबील होते, आणि आंबील केव्हा बिघडते हे ज्या माउलीला कळते तिला यातले निम्मे शास्त्र न शिकताच येते.

बिअरमध्ये कामे दोन. धान्यातील पिष्टाची साखर करणे, आणि त्या साखरेचे यीस्टकडून मद्यार्क करवून घेणे. बिअर फसली की दोष यीस्टवर जातो. ज्वारीच्या बाबतीत तो बहुधा पहिल्या कामात असतो.

धान्याला मोड आले की त्यात पिष्ट तोडणारी विकरे तयार होतात. ते वाळवून, भरडून कढत पाण्यात ठेवतात. बार्लीचे पिष्ट सुमारे ६० अंश सेल्सिअसला फुगते आणि तिची विकरेही ६० ते ६५ अंशांत जोमाने काम करतात. दोघांचे छान जमते. ज्वारीचे पिष्ट फुगायला मात्र ७० अंशांच्या आसपास वा त्याहून अधिक उष्णता लागते, आणि तेवढ्यात साखर करणारे विकर मरू लागते. पाणी कमी तापवावे तर पिष्ट कच्चे, जास्त तापवावे तर विकर निकामी! बार्लीची कृती जशीच्या तशी ज्वारीला लावली की पांचट रस हाती येतो तो यामुळेच.

यावर तोड अशी. भरड आधी ४५ अंशांच्या पाण्यात भिजवून वरची निवळ काढून ठेवायची. विकरे तिच्यात उतरलेली असतात. खालचा गाळ शिजवून ६५ अंशांपर्यंत निवू द्यायचा, मग निवळ परत ओतायची. थोड्या रसात आयोडीनचा थेंब टाकून तो निळा-काळा झाला, तर पिष्ट अजून शिल्लक आहे असे समजावे.

वाळल्यावर मोड चोळून काढावेच लागतात. कोवळी ज्वारी खाऊन जनावराला किराळ लागते, ते विष याच कोंबांत असते.

आता दुसरे काम. १०० ग्रॅम ग्लुकोजपासून हिशेबाने ५१ ग्रॅम मद्यार्क मिळतो, बाकीचा वायू होतो. प्रत्यक्षात थोडा कमीच, कारण यीस्टलाही पोट आहे. रसाची घनता १.०५० वरून १.०३० वर येऊन अडली, तर थोडा रस बाटलीत घेऊन त्यात भरपूर ताजे यीस्ट घालावे आणि बाटली उबेला ठेवावी. तिथे घनता उतरली तर मोठ्या भांड्यातले यीस्ट अशक्त किंवा गारठलेले. उतरली नाही, तर साखरच यीस्टला न पचणारी झाली आहे. म्हणजे दोष पुन्हा पहिल्या कामाचा.

नेहमीच्या बिअरच्या यीस्टला १८ ते २२ अंश मानवतात. आपल्या एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. अशा उष्णतेत यीस्ट झपाट्याने आंबवते खरे, पण चव उग्र होते. भांड्याला ओले फडके गुंडाळले तर कोरड्या हवेत चांगला गारवा मिळतो. आंबटपणा आणणारे जिवाणू मात्र वेगळेच. बार्लीच्या बिअरमध्ये ते बिघाड मानले जातात. आपल्या आंबिलीला तेच हवे असतात, आणि आफ्रिकेतल्या ज्वारीच्या बिअरलाही यीस्टच्या आधी त्यांच्याकडून मुद्दाम आंबट करून घेतात.