'सर्व्हर डाऊन' हे निदान नव्हे

ताप हे लक्षण आहे, रोग नव्हे. 'सर्व्हर डाऊन आहे' या वाक्याचेही तसेच आहे. लसीकरणाच्या नोंदी, प्रयोगशाळेचे अहवाल, विम्याची मंजुरी अशी अनेक कामे आता दूरच्या सर्व्हरवर चालतात. पेडणे वा डिचोलीच्या दवाखान्यात संगणक अडला की बाळाला मांडीवर घेतलेली आई ताटकळत बसते. म्हणून या दोषाचे प्राथमिक निदान आपणा सर्वांस व आपल्या सहायकांस अवगत असावे.

मोठ्या सेवेमागे एकच यंत्र नसते. अनेक सर्व्हरांचा समूह, म्हणजेच क्लस्टर, असतो. त्याच्या दाराशी 'लोड बॅलन्सर' असतो. केसपेपर काढणारा कारकून रुग्णांना मोकळ्या डॉक्टरांकडे पाठवतो, तसा तो आलेली प्रत्येक विनंती एकेका सर्व्हरकडे वळवतो. 28 एप्रिल 2021 रोजी दुपारी चार वाजता 18 ते 44 वयोगटासाठी को-विनवर नोंदणी खुली झाली आणि लगेच अडथळा आला. तरीही त्याच दिवशी एक कोटीहून अधिक नोंदी झाल्या. सेवा मेली नव्हती, दारात गर्दी झाली होती.

निदानाचा क्रम असा ठेवावा.

1. पूर्वेतिहास : दोष एकाच संगणकावर आहे की सर्वांवर? सतत आहे की मधूनमधून? त्यापूर्वी काय बदलले? पडद्यावरील संदेश शब्दशः लिहून घ्यावा.

2. मार्ग : दुसरे संकेतस्थळ उघडते का ते पाहावे. तीच सेवा मोबाईलच्या नेटवर उघडत असेल, तर दोष आपल्या जोडणीत, राऊटरमध्ये वा संगणकात आहे.

3. नाव : संकेतस्थळाच्या नावावरून अंकी पत्ता शोधून देणारी यंत्रणा डीएनएस. 'पत्ता सापडला नाही' असा संदेश आल्यास सर्व्हरला दोष देण्यापूर्वी ही यंत्रणा तपासावी.

4. दार : 'जोडणी नाकारली' आणि 'वेळ संपली' यांत मोठा भेद आहे. पहिल्यात बहुधा यंत्रापर्यंत आपण पोहोचलो, पण ती सेवा तेथे सुरू नाही. दुसऱ्यात उत्तरच आले नाही. मार्ग तुटला असेल, फायरवॉलने अडवले असेल वा सर्व्हर भाराखाली असेल.

5. ओळख व अधिकार : 401 हा अंक सांगतो की ओळख पटली नाही, 403 सांगतो की प्रवेशाचा अधिकार नाही. दुसऱ्या प्रसंगी पासवर्ड बदलून उपयोग नाही, व्यवस्थापकाकडून परवानगी घ्यावी. चुकीचा पासवर्ड वारंवार दिल्यास खाते कुलूपबंद होऊ शकते. 503 आल्यास मात्र दोष पलीकडचा, थोडे थांबावे.

6. घड्याळ : जुन्या संगणकाची आतील बटरी संपली की वीज जाऊन आल्यावर तारीख मागे जाते आणि सुरक्षित जोडणी नाकारली जाते. पावसाळ्यात हे प्रथम पाहावे.

7. समूहातील एक रोगी : तीन सर्व्हरांपैकी एक बिघडला आणि लोड बॅलन्सरच्या ते ध्यानी आले नाही, तर साधारण तीनांतला एक प्रयत्न फसतो. लॉगिन होऊनही पुनःपुन्हा पासवर्ड विचारला जात असेल, तर एका सर्व्हरने दिलेली ओळख दुसऱ्याला ठाऊक नसावी. अशा वेळी फसलेल्या प्रयत्नांच्या वेळा तंत्रज्ञास कळवाव्यात.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी. चार औषधे एकदम दिली तर गुण कशाने आला हे कळत नाही. फायरवॉल बंद करणे वा सहकाऱ्याचा पासवर्ड वापरणे हे उपाय नव्हेत. जून 2022 मध्ये गोव्याच्या जलस्रोत खात्याच्या पूरनिरीक्षण यंत्रणेचा सर्व्हर खंडणीखोर विषाणूने ग्रासला होता. 23 नोव्हेंबर 2022 रोजी दिल्लीच्या एम्सवर असाच हल्ला झाला आणि तेथील कामे कित्येक दिवस हाताने लिहून चालवावी लागली.

हिपॅटायटिस-बीची जन्ममात्रा 24 तासांच्या आत द्यावयाची असते. गोवराची वा बीसीजीची लस विरघळवल्यावर चार तासांत वापरावी लागते. या मर्यादा सर्व्हरसाठी थांबत नाहीत. म्हणून नोंदवही व माता-बाल संरक्षण कार्ड नेहमी हाताशी असावे. लस टोचावी, दिनांक, वेळ व बॅच क्रमांक लिहावा आणि जोडणी आल्यावर त्याच दिवशी नोंद चढवावी. संगणक अडला म्हणून एकही बालक लसीविना परत जाऊ नये.